घोटभर चहा
सरांनी एका खोलीत सुरू केलेल्या वाचा-उपचार विभागाची ती आता प्रमुख होती. पक्षाघातानंतर सर त्याच रुग्णालयात आले, तेव्हा याच विभागाकडे असलेली गिळण्याची तपासणी करायला हाताखालचं कुणी धजेना; तिनंच केली. एक्स-रेच्या पडद्यावर घोट श्वासनलिकेत उतरताना दोघांनीही पाहिला. "पोरी, घोटभर चहा दे," खाटेवर परत आणल्यावर सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "सर, फुफ्फुसात जाईल." "ठाऊक आहे. मीच शिकवलंय." उशाशी बसलेल्या काकूंनी थर्मास पुढे केला. "दे गं. असे किती दिवस उरलेत?" तिचा हात थर्मासपर्यंत जाऊन मागे आला. मन घट्ट करून तिनं कागदावर लिहिलं, 'तोंडाने काहीही देऊ नये'. सरांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचला. "बरोबर लिहिलंस." तिला हायसं वाटलं. मग सर भिंतीकडे बघत पुटपुटले, "माझ्या आईची हीच गत होती. तिला मी चहा पाजला होता."