तांदळातलं रासायनिक नाव

हरिओम सर चौसाळ्यात दहावीच्या विज्ञानाची शिकवणी घेतात. सगळ्या धातूंसाठी त्यांचा एकच नियम, "धातू ऑक्सिजनच्या घरी नांदाय गेला की त्याच्या नावापुढं ऑक्साइड लावायचं. मॅग्नेशियम ऑक्साइड, कॉपर ऑक्साइड. सोनं तेवढं ऑक्सिजनला दाद देत न्हाई. तिथं 'अभिक्रिया नाही' असं लिहून मोकळं व्हायचं."

शिरूर कासारला मुलगी बघायला गेले, तेव्हा बीएस्सी झालेल्या स्वप्नालाही त्यांनी हाच नियम ऐकवला. तिचे वडील सटवा कौतुकानं म्हणाले, "आमची पोरबी सोनंच हाय, सर."

लग्न लागलं, नवरी घरात आली. गुरुजींनी तांदळाचं ताट पुढं सरकवलं, "नवरदेव, अंगठीनं नवरीचं नवीन नाव लिहा."

सरांचा हात सवयीनं चालला. गुरुजींनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं, "स्वप्ना ऑक्साइड!"

"लई भारी नाव हाय. पुण्याकडचं दिसतंय," सरांची आत्या सारजाबाई खूश झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे फिरले. एक नणंद तर लाडानं म्हणालीसुद्धा, "ऑक्साइड वैनी, पाणी घ्या."

स्वप्नानं पाणी घेतलं. मग तळहातानं ताटातले तांदूळ सारखे केले, सरांच्या हातातली अंगठी मागून घेतली आणि शांतपणे दोन शब्द लिहिले. गुरुजींनी पुन्हा चष्मा वर केला.



"अभिक्रिया नाही."