निळी गाठ

हॉस्टेलवर सगळ्यांचे कपडे एकत्र धुवायला जातात, म्हणून लेकीच्या प्रत्येक कपड्यावर मी निळ्या दोऱ्याची गाठ घालत होते. शिवणकामावर घर चालवलेली बाई मी. मला दुसरं काय सुचणार?

"आई, मोजे तरी सोड. हरवले तर मी काही रडत नाही."

"तू नाहीच रडणार गं. कोण रडणार ते मला माहितेय."

ती हसली आणि बॅगेच्या चेनशी झटापट करायला लागली.

पुढचा शर्ट उचलला, तर कॉलरखाली गाठ होतीच. मी डावखुरी, माझी गाठ उलट्या बाजूला कलते. हीही तशीच कलली होती. घालून विसरले असेन, म्हटलं.

मग नव्या टॉवेलचं पाकीट फोडलं. आत, टॉवेलच्या कोपऱ्यात, निळी गाठ.

"ही तू घातलीस का गं?"

"मला साधं बटण लावता येत नाही, आई."

खरंच होतं ते. मी सुई-दोरा डब्यात टाकला आणि झाकण लावलं. पुरे झालं, पोरीला आता सुखानं जाऊ द्यावं.

लेक बॅगेवर वाकली. केस पुढे पडले, मान उघडी झाली. केसांच्या मुळाशी, कातडीतच, निळी गाठ होती, उलट्या बाजूला कललेली. तिचा दोरा कापायचा राहिला होता. तो माझ्या खांद्याजवळून, ताठ, मागे कुठेतरी गेला होता.

"आई," ती मान न वळवता म्हणाली, "हळू ओढ ना."

माझे दोन्ही हात डब्याच्या झाकणावर होते.