नात्यातली रॅम

“बसत नाही, अप्पा.” भव्याने रॅमच्या पट्टीवर दोन्ही अंगठे ठेवून पुन्हा जोर लावला. चादरीवर मांडलेला मदरबोर्ड करकरला.

तिचे वडील हणमंतराव कॉफी हातात धरून नुसतेच उभे होते. “स्वल्प हळू दाब की.”

“व्हिडिओतला माणूस म्हणतो, नवखे लोक घाबरून कमी जोर लावतात. टक् असा आवाज यायला हवा.”

राजाजीनगरातल्या त्या घरात गेले तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. होसकोटेच्या एका कारखान्याने भव्याला घरी बसून यंत्रांची ड्रॉइंग करायचं काम दिलं होतं, ते उद्या सोमवारपासून सुरू. तयार कॉम्प्युटर परवडेना, म्हणून तिने एकेका भागाची यादी केली. या प्रोसेसरला हा बोर्ड, या बोर्डाला ही रॅम, आणि सगळं मिळून साठवलेल्या पैशांत बसणारं. जुन्या नोकरीत शेवटच्या दिवसापर्यंत रजा मिळेना, तेव्हा खरेदीला अप्पा गेले. यादीतलं सगळं कॉम्प्युटरच्या बाजारात, एस. पी. रोडवरच्या एकाच दुकानातून आणलं, असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

रॅम मात्र त्या दुकानातली नव्हती. त्याच रस्त्यावर रविकुमारचं दुकान होतं, आणि रविकुमार म्हणजे हणमंतरावांचा मावसभाऊ. नात्यातल्या माणसाच्या दुकानावरून परक्याची पिशवी मिरवत जायचं, हे त्यांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. हणमंतराव स्वतः कापडाचे दुकानदार. आपल्या दारावरून चुलता दुसऱ्याची पिशवी घेऊन गेला की जीव कसा जळतो, ते त्यांना चांगलं ठाऊक. म्हणून एक वस्तू रवीसाठी राखून ठेवली. पिशवी पाठीमागे धरली, यादी खिशातच राहू दिली, कारण तिच्यावर त्या दुसऱ्या दुकानाने माल दिल्याचा शिक्का मारला होता, आणि म्हणाले, “एक रॅम दे बाबा, चांगली बघून.” त्याने यादीतल्याच किमतीत दुप्पट क्षमतेची दिली. हणमंतराव खूश. बोर्डाला चालेल का, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. कापड एका दुकानातलं आणि अस्तर दुसऱ्यातलं, तरी कोट होतोच की.

भव्या गुडघ्यांवर उठली आणि अंगाचा सगळा भार देत पट्टीवर वाकली. हणमंतराव कॉफीसकट एक पाऊल पुढे आले. बोलावं तर लेकीपुढे तोंड काळं, न बोलावं तर तिचा बोर्ड जातोय.

“थांब!” कॉफी सांडली. “ती यादीतली नव्हे. रवीकडची आहे.”

भव्याने पट्टी उचलली, उजेडात धरली, तिच्या कडेची खाच बोटाने चाचपली.

“ही जुन्या पिढीची आहे, अप्पा. या बोर्डात ही जन्मात बसणार नाही. मी अजून एकदा दाबलं असतं ना…” ती रागावली मात्र नाही, आणि तेच हणमंतरावांना सोसेना. रविवार होता. अख्खा एस. पी. रोड बंद. उद्या सकाळी नऊला काम सुरू.

त्यांनी फोन लावला. पाकीट फोडलेलं, माल वापरलेला, वर रविवारी सकाळी. आता मावशीच्या घराशीही वाकडं येणार, असं धरूनच ते बोलले. “रवी, चूक माझी आहे. बोर्ड मी दुसरीकडून घेतला.”

पलीकडून रविकुमार म्हणाला, “अण्णा, बोर्ड कुठला तेवढं सांगा.” भव्याने नाव वाचून दाखवलं. “सरी, ठीक आहे. दुकान उघडून घेऊन येतो.”

दीड तासाने तो स्कूटरवरून आला. खिशातून नवी पट्टी काढून भव्याच्या हातात दिली, जुनी स्वतःच्या खिशात टाकली. “क्षमता निम्मी, पण पैसे तेवढेच. देणंघेणं काही नाही.”

भव्याने अंगठे ठेवले. टक्. मग दुसऱ्या टोकाला, टक्. बाकीच्या तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला आणि पडदा उजळला. हणमंतराव भिंतीला टेकून खालीच बसले. इतकं हलकं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

“तुमची कॉफी सांडली ना,” भव्या हसत म्हणाली. “दुसरी करते, अप्पा. काकांनाही.”

रविकुमार त्यांच्या शेजारी टेकला. “एक सांगू, अण्णा? रागवू नका. काल तुमची पिशवी मला दिसली होती. बोर्ड कुठला घेतलात, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही ओशाळला असता. म्हणून गप्प बसलो आणि अंदाजाने दिली.”

“अरे, आणि मी तुला वाईट वाटू नये म्हणून लपवत होतो!”

“पुढच्या वेळी सरळ पुढे जा. मी मान खाली घालतो, तुम्ही मला दिसलाच नाहीत.”

“खरंच चालेल?”

“चालेल काय, सुटलो म्हणेन. तुमच्याकडून नफा घ्यायचा नाही, वर रात्रभर धाकधूक, बसली की नाही बसली!”

दोघेही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. भव्या कॉफी घेऊन आली आणि तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. “काका, अक्षरं नीट दिसतात का हो? फार बारीक तर नाहीत?”

रविकुमार पुढे वाकला. चष्मा वर केला, खाली केला, मान मागे नेऊन पाहिलं.

“ते मला नको विचारूस,” तो म्हणाला. “हा चष्मा माझ्या मेव्हण्याच्या दुकानातला आहे.”