मधली आकाशगंगा

"आकडेमोड अनुपमाने केली होती, सर," सहदेव म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

संस्थेतले त्याचे वरिष्ठ बेहेरे सर पहिल्यांदाच नाहूरला सहदेव-अनुपमाच्या दोन खोल्यांच्या घरी आले होते. निमित्त चांगलं नव्हतं. सहदेवने एका सुपरनोव्हाचं, स्फोट होऊन उजळलेल्या ताऱ्याचं, अंतर छापून आणलं होतं. असे तारे जवळपास सारखेच उजळतात. हा जास्त तेजस्वी दिसला, म्हणून त्याने तो जवळचा धरला. आता परदेशातल्या लोकांनी चूक दाखवली होती. वाटेत एक आकाशगंगा होती. तिच्या ओढीने वळून ताऱ्याचा उजेड भिंगातून यावा तसा एकवटला होता. तारा जवळ नव्हताच. संस्थेत छी-थू झाली होती, आणि सहदेवची नोकरी अजून कायम व्हायची होती.

चहाचा ट्रे घेऊन अनुपमा दारातच थांबली.

"वहिनी, फोटोतला तो पुसट डाग तुम्हाला दिसला नाही?" सरांनी विचारलं.

"दिसला होता." तिने ट्रे टेबलावर ठेवला. "ती आकाशगंगा आहे, असं यांना सांगितलंही होतं. उजेड किती वाढला असेल तेही काढून दिलं होतं." मग ती सहदेवकडे वळली. "तू म्हणालास, आधी छापून येऊ दे, मग बघू. म्हणालास ना रे?"

बाहेरच्या माणसासमोर तिने पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. सहदेव खिडकीबाहेर बघत राहिला.

"असं कसं म्हणेल तो?" सर हसले. "अहो, संसार सांभाळून केलेलं काम, चूक व्हायचीच. मी संस्थेत तसंच सांगतो, आकडेमोड घरी करून घेतली होती म्हणून. सहदेवला त्रास होणार नाही."

"सर, एम.एस्सी.ला आम्ही दोघं एकाच वर्गात..."

"चहा झकास झालाय."

कपबशी ठेवून ते सहदेवकडे वळले. "झालं ते झालं. आता यावरच लिही. मधली आकाशगंगा उजेड किती वाढवते, आपली मोजमापं किती फसतात. आपल्याकडे कोणी हात घातलेला नाही याला. तुझं नाव होईल."

सहदेवचा चेहरा खुलला. तो खुर्चीत पुढे सरकला.

"अनुपमा, बस ना गं. त्या दिवशी मला समजावलं होतंस ना, ते सरांना सांग."

सरांनी खिशातून पेन काढलं.