निंबातला खिळा

"लाकडात खिळा-बिळा नाय ना, मावशी?" राजेंद्रनं सरूबाईला विचारलं.

"नाय," ती म्हणाली. म्हणून बसली, असंच म्हणायला हवं. शेजारी उभी असलेल्या तिच्या सुनेनं, प्रेरणानं, नजर दुसरीकडं वळवली.

जुन्या मोंढ्यामागच्या त्या सॉ मिलमध्ये राजेंद्र बँडसॉला नवा पट्टा चढवत होता. एक चाक वर, एक खाली, आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. आधीचा मागच्याच आठवड्यात तुटला होता. कुणाच्या तरी चिंचेत घोड्याची नाल निघाली. दाते तिच्यावर आपटले आणि तुटलेलं टोक राजेंद्रच्या भुवईवरून गेलं. सात टाके पडले. "बोटभर खाली असतं तर डोळा गेला असता," तो सहज सांगत होता. तेव्हापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला खिळ्याचं विचारायचा आणि गिऱ्हाईक सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा. दुसरं करणार काय?

सरूबाईला ते टाके बघवेनात.

खिळा होता. चार इंची. तिनंच ठोकलेला. फुलंब्रीच्या घरासमोरचा कडुनिंब वावटळीत आडवा झाला आणि आज ओंडका होऊन इथं पडला होता. साल वरून कधीच मिटली होती, त्यामुळं बाहेरून काही दिसत नव्हतं. मुलाच्या, गोकुळच्या लग्नाला दोन वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा एका देवऋष्यानं सांगितलं होतं, सुनेच्या पायानं घरात काहीतरी आलंय; तिचं नाव घेऊन झाडाला खिळा मार, बांधलं जाईल. सरूबाईनं अमावस्या गाठून मारला.

पुढं नात झाली, ती डॉक्टरच्या गोळ्यांनी. आणि त्या गोळ्याही गोकुळलाच घ्याव्या लागल्या. प्रेरणानं ही गोष्ट गावात कुणाला कळू दिली नाही. सरूबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा याच पोरीनं तिला दीड महिना उचलून बसवलं. तेव्हापासून त्या झाडाजवळून जाताना सरूबाई मान खाली घालायची. झाड पडलं तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं होतं.

पण गोकुळच्या डोक्यात खूळ शिरलं. आईला खाली बसता येत नाही, तर घरच्या निंबाचा दिवाण करायचा. "मला कशाला दिवाण, चटई बरी," असं सरूबाईनं दहा वेळा सांगून पाहिलं. तो ऐकतोय थोडाच! स्वतः बिडकीनला कंपनीत ड्यूटीवर गेला आणि सासूसुनेला ओंडक्यासह टेम्पोत बसवून दिलं.

टेम्पोत प्रेरणा म्हणाली होती, "आत्या, हे लाकूड जळणालाच देऊन टाकू या का? दिवाण विकतचा आणू." मग वाटभर सासूकडं बघायची आणि नजर काढून घ्यायची. हिला कळलंय, सरूबाईनं ठरवून टाकलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

राजेंद्रनं वरचा दांडा फिरवून पट्टा ताणला. बोटानं छेडून आवाज ऐकला. चाक हातानं फिरवलं, तर पट्टा कडेला सरकायला लागला. त्यानं एक स्क्रू पाव आटा पिळला, पुन्हा फिरवलं. पट्टा चाकाच्या मधोमध यायला हवा. येऊच नये, असं सरूबाईला वाटत होतं. आज मशीन जुळू नये, लाइट जावी, काहीतरी व्हावं. पण राजेंद्र कामाला चोख होता. जुळलं.

"मागं सरका," तो म्हणाला आणि बटण दाबलं.

पट्टा एकसुरात घोंघावायला लागला. ट्रॉलीवरचा ओंडका पुढं सरकला. पांढरा भुसा उडाला, कडू वास सुटला. खिळा बुडख्यापासून छातीइतक्या उंचीवर होता. दोन हात राहिले. दीड हात. सांगावं तर सून जाते, न सांगावं तर या माणसाचा डोळा. राजेंद्र पट्ट्यावर तोंड वाकवून कापाची रेघ बघत होता.

"बंद कर!" सरूबाई किंचाळली. "बाबा, बंद कर रं ते!"

त्यानं दचकून बटण दाबलं. चाकं मात्र थांबायला वेळ लागला. तेवढ्या वेळात माघार घेता आली असती.

"खिळा हाय," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. देवऋष्यानं सांगितलं म्हनून मीच ठोकलाय." मग सुनेकडं वळली, पण तिला वर बघवेना. "तुझ्या नावानं ठोकलाय, पोरी. तुला बांधायला. मला माफी मागायलाबी तोंड नाय."

राजेंद्रनं कपाळावरचा घाम पुसला. त्याला शिव्या द्यायच्या होत्या, पण म्हातारीकडं बघून त्यानं त्या गिळल्या. त्यानं खडू काढला. सरूबाईनं बोट ठेवलं तिथं सालीवर गोल केला.

"हा उकरून काढतो, मंग लावतो मशीन," तो म्हणाला. "एकच हाय ना? नीट सांगा, मावशी."

"एकच."

राजेंद्र पटाशी आणायला वळला. प्रेरणानं पदर तोंडावर घट्ट धरला होता. आता ही सरळ माहेरची गाडी धरणार, असं सरूबाईला वाटलं. प्रेरणा पुढं आली. तिनं राजेंद्रच्या हातातला खडू घेतला, ओंडक्याच्या पलीकडल्या अंगाला गेली, वाकली आणि तिथं दुसरा गोल काढला.

"आत्या," ती म्हणाली, "तुमच्या नावाचा इथंय."