कोपऱ्यातला अंगठा

"तीन दिवस फुकट खाऊन वर म्हणतोस, आमच्या शहरात बघण्यासारखं काही नाही?" मित्र तापला.

"पाट्या सोडून म्हणालो, बहिऱ्या!" मीही भडकलो.

शाळा सोडल्यापासून मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. माझ्यासारखा हात कुणाचा नाही. पण इथल्या पाट्या बघून मान खाली गेली. प्रत्येकीच्या कोपऱ्यात रंगाचा अंगठा उमटवलेला, मी सहीऐवजी उमटवतो तसाच.

एका ठशावर अंगठा टेकवला. पत्र्याने कापल्याची आडवी खूणसुद्धा जुळली.

"वीस वर्षं जुनी आहे ती पाटी," मित्र म्हणाला.

मी सतराचा.

तरी छाती फुगलीच.

समोर शिडी, अर्धवट पाटी, ओला रंग. शिडी धरलेला म्हातारा माझ्यावरच खेकसला, "चहाला एवढा वेळ लागतो का रे?"

चढतो आता शिडीवर, रंग वाळतोय.