पटणारा घाम

रंगभूषाकाराच्या लेकीची उद्या शर्यत होती आणि ती पाण्याला शिवायला तयार नव्हती. जाहिरातीतला विजेता धावपटू जे निळे पेय पितो, तेच ती पीत असे आणि सरावात दर वेळी ओकत असे. बापाचे सांगणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आज मात्र जगाला ते पेय पाजण्याचा विडा उचललेला तोच धावपटू स्टुडिओत रंगभूषाकाराच्या समोरच्या खुर्चीत बसून निवांतपणे साधे पाणी पीत होता.

"साहेब, माझ्या पोरीला एवढं समजावा हो."

धावपटूने व्हिडिओ कॉलवर अगदी मनापासून सांगितले, "बाळा, पाणीच पी. मी ते निळं पेय तोंडालासुद्धा लावत नाही."

लेक फिस्सकन हसली. "बाबा, हा तोतया कुठून पकडून आणलास? खरा कसा घामाने निथळत असतो! हा तर कोरडाठाक आहे."

रंगभूषाकाराने जाहिरातीतल्या खोट्या घामासाठी तयार ठेवलेली ग्लिसरीनच्या फवाऱ्याची बाटली उचलली, धावपटूच्या कपाळावर आणि गळ्यावर टपोरे थेंब उठवले, आणि फोन पुन्हा त्याच्यासमोर धरला.

"हं साहेब, आता सांगा खरं."